टाचेचं सीरम

आमचे सर माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या पायांकडे बघायचे. नवख्याला वाटायचं, काय विनयशील गृहस्थ आहेत, मान वर करून बोलतसुद्धा नाहीत. एकदा ओपीडीच्या व्हरांड्यात बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यासमोर सर अचानक उकिडवे बसले. म्हाताऱ्याला वाटलं, डॉक्टर पाया पडतो आहे. तो संकोचला, पण मान कोणाला नको असतो? त्याने सरांच्या टकलावर हात ठेवून "सुखी राहा बाप्पा" असा तोंडभरून आशीर्वाद दिला. सरांनी तो घेतला, म्हाताऱ्याचा उजवा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि खिशातून दाढीचं ब्लेड काढलं. त्यानंतर म्हातारा ज्या वेगाने फाटकाकडे गेला तो बघता, त्याला गुडघेदुखीसाठी दवाखान्यात आणलं होतं यावर कोणाचा विश्वास बसला नसता. त्याची समजूत काढून परत आणायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

सरांना हवे होते टाचेचे घट्टे. कशासाठी ते आधीच नीट सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी एखाद्या वेड्याची गोष्ट सांगते आहे. तसं वाटायला माझी फारशी हरकत नाही, पण वेडाचं कारण कळलेलं बरं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी नागपुरातल्या एका मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजीची ट्यूटर म्हणून, सरांच्या हाताखाली लागले. पॅथॉलॉजीवाले पेशंट बघत नाहीत, काचा बघतात. गाठीचा तुकडा येतो, त्याचे पातळ काप काचेवर चढवून रंगवतात, आणि मायक्रोस्कोपखाली बघून आम्ही सांगतो की गाठ कसली आहे. बहुतेक वेळा सांगता येतं. पण काही कॅन्सर इतके बिघडलेले असतात की पेशींचं मूळ गाव कोणतं ते ओळखू येत नाही. कातडीच्या किंवा आतड्याच्या अस्तरातून निघून त्या गळ्यात येऊन बसल्या आहेत, की गळ्यातल्या रसग्रंथीतच जन्मल्या आहेत, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. आणि ठरवणं तर भाग असतं. कारण पहिल्या प्रकाराला त्या काळी आमच्याकडे फारसा इलाज नव्हता, आणि दुसरा प्रकार पुष्कळदा इंजेक्शनांनी विरघळून जायचा.

हा फरक ओळखायची एक खूण होती, केरॅटिन. कातडी, नखं, केस ज्या चिवट प्रथिनाचे बनतात ते. अस्तरातल्या पेशींच्या पोटात ते असतं, रसग्रंथीतल्या पेशींच्या पोटात नसतं. ते शोधायचं तर नेमकं त्यालाच जाऊन चिकटणारं काहीतरी हवं. ते काहीतरी म्हणजे अँटिबॉडी, आणि ती बनवतो ससा. माणसाचं केरॅटिन सशाला टोचलं की सशाचं रक्त त्याला परकं म्हणून ओळखायला शिकतं. मग त्या रक्ताचं सीरम काचेवर सोडायचं, वरून दोन रसायनं घालायची, आणि केरॅटिन असेल तिथं तपकिरी रंग उमटतो. नसेल तिथं काही उमटत नाही. परदेशात ही अँटिबॉडी बाटलीत मिळायला लागली होती. सर म्हणाले, आपण नागपुरात बनवू. आणि माणसाच्या अंगावर केरॅटिनचा सगळ्यात जाड थर कुठं असतो? टाचेला.

पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या टाचा तासल्या. मग काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या. प्रतापनगरातल्या त्यांच्या घरी मी गेले की काकू पाय पदराखाली ओढून बसायच्या आणि म्हणायच्या, "लोकाईचे नवरे बायकोच्या पायात तोरड्या घालतात. आमचे हे टाचा तासून राहिले." घट्टे कुटायला सरांनी काकूंचा पितळी खलबत्ता नेला. महिनाभराने घासूनपुसून परत आणला तेव्हा काकूंनी तो दारातच अडवला. "आता ठेवा तुमच्याच जवळ," त्या म्हणाल्या, "त्याच्यात वेलदोडा कुटला तं माह्या सासूबाई आठवतीन मले." सासूबाईंच्याही टाचा त्यात कुटल्या गेल्या होत्या.

घरातल्या टाचा संपल्यावर सर बाहेर पडले. लग्नाच्या पंगतीत मांडी घालून बसलेल्यांच्या मागून ते वाकून वाकून फिरायचे. वरपक्षाला वाटायचं, मुलीकडचं कोणीतरी आग्रह करायला फिरतं आहे. बुधवारच्या बाजारात ते भाजीवाल्या बायकांशी भाजीचा भाव न करता भलतंच काही बोलताना दिसायचे. "मलम लावत नाही न वं तू?" असं एका अनोळखी माणसाने विचारल्यावर बाई काय म्हणणार? मलम लावलेली टाच सरांच्या लेखी बाद. चप्पल घालणारी टाच दुय्यम. "रामदासपेठेत एक ढंगाची टाच नाही भेटत," ते वैतागून म्हणायचे. "सारे गाडीतून उतरते अन् गालिच्यावर चढते." जी टाच उन्हातान्हात अनवाणी हिंडली तीच त्यांना हवी होती. त्यांना गरिबांचा कळवळा आहे असा समज एका समाजसेविकेने करून घेतला आणि त्यांना भाषणाला बोलावलं. सर गेले. भाषण केरॅटिनवर झालं. परत येताना पिशवी भरलेली होती.

घट्ट्याचा भुगा विरघळवायला जे रसायन लागायचं त्याला सडक्या अंड्यांचा वास यायचा. त्या दिवशी आमच्या मजल्यावर कोणी डबा उघडत नसे. शेजारच्या खात्याने तक्रार केली तेव्हा सरांनी कळवलं की वास विज्ञानाचा आहे, आणि सुगंधी विज्ञान हवं असेल तर अत्तराच्या दुकानात जावं.

सशांशी मात्र ते फार अदबीने बोलत. आम्हाला "ए", "अरे", "काय वं", आणि सशांना "अहो". कानाच्या शिरेतून रक्त काढायच्या आधी, "जरा कान द्या. त्रास होईल थोडा, माफी असावी." नागपूरचा उन्हाळा म्हणजे काय ते नागपूरच्या माणसाला सांगायला नको. मे महिन्यात सरांनी स्वतःच्या खोलीतला कूलर काढून सशांच्या खोलीत बसवला आणि स्वतः डोक्यावर ओला पंचा टाकून काम करत बसले. त्या पंच्यातून पाणी ठिबकून माझ्या प्रबंधाची चार पानं पुसली गेली. तरी एक ससा उन्हाने गेलाच. सरांनी दुसऱ्या दिवसाची रजा मागितली. आमच्या खात्याच्या प्रमुखांनी, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, "मृताशी नाते?" असा शेरा मारून अर्ज परत पाठवला. सरांनी खाली लिहिलं, "सहकारी. खात्यात काम करणारा एकमेव."

यावरून दोघांचं कसं होतं ते लक्षात येईल.

सरांचं दुसरं वेड कंट्रोलचं. प्रयोगशाळेत ही साधी गोष्ट आहे. पेशंटच्या काचेबरोबर एक अशी काच रंगवायची की जिच्यात केरॅटिन नक्की आहे, म्हणजे कातडीची. तिच्यावर रंग आला तरच पेशंटच्या काचेवर विश्वास ठेवायचा. कातडीवरच रंग आला नाही तर औषध मेलेलं आहे, काच फेकून द्या. इथपर्यंत कोणीही शहाणा माणूस करतो. सर हेच घरी करायचे. टकलावर केस उगवण्याचं तेल त्यांनी फक्त डाव्या बाजूला लावलं. उजवी कंट्रोल. चपलेला नवीन पॉलिश लावलं ते एकाच चपलेला. पोह्यांच्या टपरीवर दोन प्लेटी घ्यायचे, एक तर्री म्हणजे तिखट रस्सा घालून, एक कोरडी, आणि एकेक घास खाऊन डोळे मिटून बसायचे. टपरीवाला मला म्हणाला होता, "म्याडम, यायले कोणाची नजर लागली काय?"

एका आरोग्याधिकाऱ्याने आमच्या सभागृहात सांगितलं की त्यांच्या व्याख्यानानंतर अमुक गावातली हगवण थांबली. टाळ्या झाल्या. मागून सरांचा आवाज आला, "ज्या गावात तुम्ही बोलले नाही, तिथची?" अधिकारी म्हणाला, तिथलीही थांबली, पावसाळा संपला होता. "मंग तिथं न बोलल्यानं थांबली," सर म्हणाले आणि खाली बसले. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला कोणीतरी सुखी संसाराचं रहस्य विचारलं. सर म्हणाले, "सुखी आहे की नाही ते सांगता येत नाही. दुसरी बायको केली नाही, तं कंट्रोल कुठी आहे?" काकू पानं वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "मी केला असता दुसरा. मले टाइम नाही भेटला."

मोठ्या साहेबांशी बिनसलं ते यातूनच. साहेब विलायतेला जाऊन आलेले, सुटाबुटातले, संध्याकाळी रामदासपेठेत खाजगी लॅब चालवणारे. खात्याच्या मीटिंगमध्ये सर उठले आणि अगदी निरागसपणे म्हणाले, "साहेब, आपली टाच पाहिजे होती." साहेबांनी विचारलं, माझीच का? "नरम टाच कुणाची नाही खात्यात. आपण खुर्चीवरून उठत नाही. कंट्रोल म्हणून बेस्ट." त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. कामाचं जे काही असेल ते माझ्यामार्फत जायचं. मी मधल्यामध्ये, खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर निरोप पोचवत फिरायचे, आणि दोन्हीकडून बोलणी खायचे.

साहेबांनी यावर उत्तर म्हणून ती परदेशी बाटली मागवली. केरॅटिनची अँटिबॉडी, विलायती सशाची, बोटाच्या पेराएवढी शिशी. बर्फाच्या पेटीतून निघाली आणि मुंबईच्या कस्टममध्ये अडकून, मग आगगाडीने नागपूरला आली तोवर बर्फ कधीच उडून गेला होता. साहेबांना त्याचं काही वाटलं नाही. लेबल शाबूत होतं. शिशी त्यांच्या खोलीतल्या फ्रीझरमध्ये कुलपात गेली. वापरायची कधी? "चांगल्या कामासाठी ठेवली आहे," साहेब म्हणायचे. आपल्याकडे चांगले कप कपाटात असतात आणि चहा फुटक्या कपातून प्यायला जातो, हे काही घरापुरतंच नसतं. पाहुणा आला की शिशी बाहेर निघायची. टेबलावर ठेवून चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, शिशी घामेजून जायची, मग परत कुलपात. अशी दर्शनं किती झाली असतील देव जाणे. शिवाय नागपूरची वीज जायची ती वेगळीच. दसऱ्याला मायक्रोस्कोपाबरोबर तिलाही हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहिलं जायचं.

"ते औषध नाही, देव आहे," सर मला म्हणाले. "दर्शन घेतलं तं पुण्य भेटते. काचेवर लावलं तं विटाळ होते."

सरांचं सीरम मात्र चांगलं निघालं होतं. हे मी भक्तिभावाने सांगत नाही, मला त्यांच्याबद्दल भक्तिभाव कधीच नव्हता. मी स्वतः काचा रंगवायचे. कातडी सुंदर तपकिरी व्हायची, टॉन्सिलचा आतला भाग, जो रसग्रंथीसारखाच असतो आणि ज्यात केरॅटिन नसतं, तो स्वच्छ कोरा राहायचा. पण त्या सीरमवर कोणी रिपोर्ट देत नसे. साहेब त्याला "टाचेचं पाणी" म्हणायचे आणि सर्जन लोक हसायचे.

अशात नागपूरजवळच्या खापा गावची केस आली. तिथल्या शाळेतली एक शिक्षिका, तिशीची. गळ्याला गाठ. साहेबांनी काच बघून रिपोर्ट दिला होता, कुठून तरी पसरलेला कॅन्सर, मूळ ठाऊक नाही. सर्जननी तिच्या नवऱ्याला सांगितलं, घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. नवरा हातमागावर विणकाम करणारा. तो रिपोर्टचा कागद घेऊन आमच्या व्हरांड्यात उभा होता, आणि सर समोरून गेले म्हणून त्याने त्यांना थांबवलं.

"साहेब, हे वाचून सांगा न जी. तिकडचे डॉक्टर म्हणते घरी न्या. घरी नेऊन काय करू मी? पोरगी तीन वर्साची आहे. तिले काय सांगू?"

सर त्याच्या पायांकडे बघत उभे राहिले. मला वाटलं आता हे ब्लेड काढतात. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "आजची बस पकडू नका. थांबा इथं."

आत येऊन त्यांनी तिची काच काढून मायक्रोस्कोपखाली ठेवली. बराच वेळ बघितली. "हे रसग्रंथीचं आहे वं," ते म्हणाले. "रंग पाहून घे." मी सरांचं सीरम लावलं. कातडीची काच आणि टॉन्सिलची काच बरोबर होत्याच, नाहीतर माझी खैर नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी कातडी खणखणीत तपकिरी, टॉन्सिल कोरं, आणि त्या बाईच्या गाठीतली एकूण एक पेशी कोरी. केरॅटिनचा मागमूस नाही. म्हणजे पसरलेला नाही, तिथलाच, लिम्फोमा. म्हणजे इंजेक्शनं लागू पडण्याजोगा. बाहेर बाकावर तिचा नवरा बसून होता, आणि या काचा बघून मी त्याला काहीही सांगू शकत नव्हते, कारण सही साहेबांची लागणार होती.

सर काचा घेऊन जिना चढले. कित्येक वर्षांनी. मी मागोमाग.

खोलीत साहेबांसमोर मुंबईहून परीक्षक म्हणून आलेले एक पाहुणे बसले होते. टेबलावर चहा होता आणि चहाच्या शेजारी शिशी. दर्शन चालू होतं. सरांनी न बसता सगळं सांगितलं. साहेब ऐकून हसले. "तुमच्या टाचेच्या पाण्यावर मी माझा रिपोर्ट बदलू? उद्या कोंबडीच्या पिसांचं आणाल. विलायतेत असे रिपोर्ट देत असतात का?"

"मंग तुमची शिशी उघडा," सर म्हणाले.

"ती संशोधनासाठी आहे."

पाहुण्यांनी चष्मा नीट केला. भला माणूस असावा. ते म्हणाले, "अहो, पण तुमच्याकडे आहेच तर लावा की. आमच्याकडे तर आम्ही वाट बघतोय. मलाही बघायला मिळेल."

साहेबांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आलं ते मी एरवी फक्त नवीन साडीवर भाजी सांडलेल्या बाईच्या चेहऱ्यावर बघितलं आहे. पण मुंबईच्या पाहुण्यासमोर नाही कसं म्हणणार? त्यांनी शिशी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "एक थेंब. जास्त नाही."

एका थेंबात पेशंटची काच आणि कातडीची काच, दोन्ही भागल्या. तेच पाणी, तीच रसायनं, ज्यांनी आदल्या दिवशी सरांच्या सीरमला रंग आणला होता. फक्त वरचं औषध विलायती. दुसऱ्या दिवशी सकाळी रंगवून झाल्यावर मी सवयीने आधी कातडी बघितली.

कातडी कोरी होती. नुसत्या खालच्या रंगाने निळसर, स्वच्छ, जणू केरॅटिन नावाची वस्तू जगात नाहीच. मी काच पालथी तर ठेवली नाही ना ते बघितलं, भिंग बदललं, पुन्हा बघितलं. मग उठून सरांना जागा दिली. ते बसले. त्यांनीही बघितलं. शिशी मेलेली होती. कधी मेली कोण जाणे, कस्टममध्ये की चहाच्या टेबलावर. ती कातडीवर गप्प, गाठीवर गप्प, आणि कशावरही गप्पच राहणार होती.

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. साहेब आणि पाहुणे खाली उतरत होते. साहेब आपल्या मायक्रोस्कोपावरून उठून आमच्या खोलीत येण्याचा तो पहिलाच प्रसंग. ते सरळ खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "पेशंटची काच." मी दिली.

साहेबांनी बघितलं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. "रंग नाही," ते म्हणाले. "कुठंच नाही. केरॅटिन निगेटिव्ह. बघा पाहुणे, किती स्वच्छ! शंकेला जागाच नाही. बाहेरचा माल तो बाहेरचा." साहेब खरोखर खूश झाले होते. आपला रिपोर्ट चुकला याचं दुःख त्यांना दिसत नव्हतं, आपली बाटली चालली याचाच आनंद होता. "लिम्फोमा म्हणून सुधारित रिपोर्ट देतो. आजच इंजेक्शनांसाठी पाठवा त्यांना."

मी सरांकडे बघितलं. आयुष्यभर या माणसाने लोकांना एकच प्रश्न विचारून हैराण केलं होतं. मंत्र्यांपासून व्याह्यांपर्यंत कोणालाही सोडलं नव्हतं. आता तोंड उघडलं तर साहेब सही करणार नाहीत. शिशी मेली हे कळल्यावर ते टाचेच्या पाण्यावर सही करतील, हे तर स्वप्नातही शक्य नव्हतं. तोंड उघडायचं कारणही पडलं नाही, कारण पाहुण्यांनीच विचारलं. सहज, चांगल्या मनाने.

"कंट्रोल ठीक आहे ना?"

सरांचा हात ट्रेकडे गेला. विलायती औषधाची कोरी कातडी समोर होती. ती त्यांनी उचलली आणि एप्रनच्या खिशात सोडली. तिच्या मागे आदल्या दिवशीची काच होती, त्यांच्या स्वतःच्या सीरमची. ती त्यांनी साहेबांच्या हातात दिली.

"पाहून घ्या न साहेब," ते म्हणाले.

साहेबांनी काच लावली आणि त्यांच्या तोंडून "वा!" निघून गेलं. "वा, वा! काय रंग आहे! पाहुणे, बघा हा थर. एकेक पेशी मोजून घ्या." पाहुण्यांनी बघितलं, त्यांनीही मान डोलावली. साहेब सरांकडे वळले. कित्येक वर्षांनी ते त्यांच्याशी थेट बोलत होते. "हे बघा. नीट बघून ठेवा. असा रंग आपल्याकडच्या सीरमला जन्मात यायचा नाही."

"नाही येत," सर म्हणाले.

साहेबांनी तिथेच टेबलावर वाकून सही केली. मी कागद घेऊन बाहेर गेले आणि नवऱ्याला समजावून सांगितलं. त्याला सगळं कळलं नाही, पण "इलाज आहे" एवढं कळलं. त्याने माझ्यासमोर हात जोडले आणि मग तो बाकावर बसून मोठ्याने रडायला लागला. मी पाणी आणून दिलं.

परत आले तेव्हा सर सशांच्या खोलीत होते. "सर, हे खोटं झालं," मी म्हणाले.

"झालं," ते म्हणाले. "माह्यं सीरम खरं बोलून राहिलं होतं, तं कोणी ऐकलं नाही. त्याची शिशी मुकी आहे, तं तिचं सारे ऐकून राहिले. मी काय करू? सांग न, काय करू?" ते सशाचं पाणी बदलत होते आणि भांडं त्यांच्या हातून दोनदा निसटलं.

त्याच आठवड्यात साहेबांच्या फ्रीझरचा बर्फ साफ करताना शिशी फरशीवर पडून फुटली. सर कधी नव्हे ते स्वतः बर्फ साफ करायला वर गेले होते. आता ती शिशी दुसऱ्या कोणाच्या काचेवर लागणार नव्हती, आणि कोणाचा तरी पसरलेला कॅन्सर तिच्या मुकेपणामुळे भलताच ठरणार नव्हता. साहेबांना शोक झाला. सरांना निष्काळजीपणाबद्दल मेमो मिळाला. तो त्यांनी घेतला आणि उत्तरही दिलं नाही. एरवी ते मेमोला मेमोपेक्षा लांब उत्तर द्यायचे.

साहेबांनी ती केस पुढे कॉन्फरन्समध्ये सांगितली. एकदा सांगितली आणि मग सांगतच राहिले. गोष्टीत शिशी होती, विलायत होती, अचूक निदान होतं. मी समोरच्या रांगेत बसून स्लाइड बदलायचे. पडद्यावर जी तपकिरी कातडी दिसायची ती बाजारातल्या बायकांच्या टाचांनी रंगवलेली होती. लोक टाळ्या वाजवायचे. मला राग यायचा. अजूनही येतो. साहेबांचा येतो त्याहून जास्त सरांचा येतो. आपल्या हातचं काम दुसऱ्याच्या नावाने असं उचलून द्यायचं असतं का? काकूंना मी हे सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मले काय सांगते? खलबत्ता माहा होता."

सहासात महिन्यांनी एक बाई आमच्या खालच्या व्हरांड्यात आली. डोक्याला रुमाल बांधलेला, त्याखाली नुकते उगवलेले आखूड केस. बरोबर नणंद होती. हातात नारळ, आणि घरच्या मागावर विणलेली एक शाल, घडी मोडू नये म्हणून दोन्ही हातांवर धरलेली. आम्ही दोघं दारातच उभे होतो. सरांनी तिला कधी बघितलं नव्हतं, तिने सरांना नाही. आमच्या धंद्यात माणसं एकमेकांना दिसत नाहीत.

"मोठे साहेब कुठी बसतात जी?" तिने सरांना विचारलं. "मी खाप्याची. त्यायनं बाहेरदेशातून औषध आणून मले वाचवलं म्हणे. पाया पडाले आली."

माझ्या तोंडात आलेलं वाक्य सरांना कळलं असावं. त्यांनी माझा दंड धरला, चांगला दुखेल असा.

"वरच्या मजल्यावर," ते तिला म्हणाले. "उजव्या हाताले खोली आहे. जिना चढवते न तुम्हाले?"

"चढते न जी."

ती चढायला लागली. नणंद हात द्यायला गेली तर तिने नको म्हटलं, हातांवर शाल होती. सर जिन्याच्या तळाशी कठड्याला धरून उभे होते. पहिला टप्पा झाला, वळण आलं, ती दिसेनाशी झाली, फक्त पावलं ऐकू येत राहिली. मग वर दार वाजलं आणि साहेबांचा "या, या" असा भरदार आवाज आला.

"सर," मी म्हणाले, "निदान तिला तरी सांगायचं होतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणाले ते त्यांना ऐकूच गेलं नव्हतं.

"पाहिलं काय वं?" ते म्हणाले. "मधात कुठीच थांबली नाही."